पाहणारा आणि पडताळणारा

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी, दोनच्या सुमारास, काटोल आणि परिसरात आकाशातून दगड पडले. वैशाखवणव्याच्या त्या वेळी आकाशात कडकडाट ऐकू आला आणि पाठोपाठ काळपट कवचाचे लहानमोठे दगड ठिकठिकाणी आढळू लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी ते गोळा केले. सुमारे तीस तुकडे मिळाले. त्यांचे एकंदर वजन जवळपास १३ किलो भरले. पुढे ही अशनी ‘एल-६’ या वर्गातील असल्याचे निश्चित झाले. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, पृथ्वीच्या पोटात खोलवर विपुल असलेले ‘ब्रिजमनाइट’ हे खनिज या दगडांत सापडल्याचे नमूद करण्यात आले. संत्र्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या काटोलचे नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय वाङ्मयातही नोंदले गेले.

या घटनेची पहिली बातमी कोणाकडे होती? कोणत्याही वृत्तपत्राचा प्रतिनिधी आकाशाकडे डोळे लावून बसलेला नव्हता, आणि बसलेला असणे शक्यही नव्हते. बातमी होती ती ज्यांनी आवाज ऐकला, ज्यांना दगड सापडला, त्यांच्याकडे. ते पत्रकार नव्हते, शास्त्रज्ञ नव्हते. परंतु काय पाहिले, कोठे पाहिले आणि केव्हा पाहिले हे ते सांगू शकत होते. त्या सांगण्याची छाननी शास्त्रज्ञांनी केली. पाहणारा एक आणि पडताळणारा दुसरा, अशा दोघांच्या कामातून गावातील बोलणे ज्ञानात रूपांतरित झाले.

खिशात मोबाइल असलेला प्रत्येक नागरिक आज बातमीदार होऊ शकतो, आणि म्हणून व्यावसायिक वृत्तपत्रांची गरज संपली, असे एक मत अलीकडे हिरिरीने मांडले जाते. उलटपक्षी, ज्याला बातमी कशाशी खातात हे ठाऊक नाही त्याने बातमीदारी करणे म्हणजे वैदूने शस्त्रक्रिया करणे होय, असे वृत्तव्यवसायातील अनेकांना वाटते. दोन्ही पक्षांना या दगडांची कथा विचारात घेण्यासारखी आहे.

विद्वानांची चूक आणि एकाची पायपीट

आकाशातून दगड पडतात ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातील विद्वानांना मान्य नव्हती. शेतकरी तसे सांगत. विद्वान त्यास अडाण्यांची कल्पना म्हणत. १७६८ साली फ्रान्समधील ल्यूसे येथे पडलेला एक दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे आला. लाव्हाझियेसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाचा ज्यात समावेश होता त्या समितीने त्याचे परीक्षण केले आणि तो आकाशातून पडलेला नाही असा निर्वाळा दिला. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेगल या गावी दगडांचा अक्षरशः वर्षाव झाला. तेव्हा झाँ बातिस्त बिओ या तरुण शास्त्रज्ञास चौकशीसाठी पाठविण्यात आले. त्याने प्रयोगशाळेत बसून निकाल दिला नाही. तो गावोगाव फिरला. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा निरनिराळ्या थरांतील लोकांच्या साक्षी त्याने घेतल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, दगड कोठे कोठे पडले याची नोंद केली, आणि शेतकरी खरे बोलत होते असा अहवाल दिला.

या इतिहासाचा अर्थ दुहेरी आहे. प्रशिक्षित माणूस जागचा न हलता साक्षीदारास खोटे ठरवू लागला की त्याचे प्रशिक्षण व्यर्थ जाते, हा पहिला. दुसरा असा की, शेतकऱ्यांचे म्हणणे खरे असूनही, कोणीतरी चालत जाऊन ते पडताळून पाहीपर्यंत ते जगाच्या दृष्टीने सिद्ध झाले नव्हते. नागरिक बातमीदाराचे समर्थक पहिला अर्थ सांगतात आणि दुसरा विसरतात. व्यावसायिकांचे विस्मरण नेमके याच्या उलट असते.

अप्रशिक्षितांचा वारसा

मराठी पत्रकारितेपुरते बोलायचे तर ‘अप्रशिक्षित’ या शब्दाने कोणी कोणास हिणवू नये हेच बरे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापक व विद्वान होते. पत्रकारितेची पदवी त्या काळी अस्तित्वातच नव्हती. गोपाळ हरी देशमुख हे सरकारी न्यायखात्यातील नोकर. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे लिहिली ती आज ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. म्हणजे मराठी वैचारिक गद्याचा एक पाया एका वाचकाच्या पत्रव्यवहारात आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधू’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविले. लोखंडे गिरणीत भांडारपाल होते आणि गिरणी कामगारांचे जिणे त्यांनी आतून पाहिले होते. मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ १९१० पासून निघू लागले आणि दीर्घकाळ अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून चालले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला तो एवढ्याचसाठी, की प्रस्थापित पत्रांत ज्यांच्या दुःखाला जागा नव्हती त्यांना स्वतःचे पत्र असल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पत्रकारितेचे रीतसर शिक्षण पुष्कळ नंतर आले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात ते १९५२ साली सुरू झाले, आणि देशातील अशा आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि २०१३ साली भारतीय प्रेस परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांसाठी किमान शैक्षणिक पात्रता ठरविण्याचा विचार पुढे आणला आणि त्यासाठी समिती नेमली, तेव्हा त्यावर टीका झाली ती अकारण नव्हती. पदवीची अट लागू असती तर वर उल्लेखिलेल्यांपैकी कोणीही संपादक होऊ शकला नसता.

मात्र हा वारसा सांगताना एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. ही सारी माणसे आपापल्या लिखाणाला बांधील होती. लोकहितवादींनी टोपणनाव घेतले तरी त्या पत्रांची जबाबदारी घेणारा संपादक होता. वृत्तपत्राच्या अंकात मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे असतात. १८६७ च्या कायद्याने घालून दिलेली ही रीत वाचकाला रूक्ष वाटत असेल. पण मजकुराबद्दल कोणाला जाब विचारायचा याचे उत्तर त्या बारीक अक्षरांतल्या ओळीत असते.

राईनपाड्याचा धडा

ही ओळ ज्या बातमीला नसते तिचे काय होते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत असे संदेश व्हॉट्सॲपवरून कित्येक दिवस पसरत होते. भिक्षुकी करीत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात दिसले आणि जमावाला संशय आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून त्यांना मारहाण करण्यात आली. पाचही जण मेले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी आले होते. मुले पळविणारे कोणी नव्हतेच.

जे संदेश फिरत होते तेही एका अर्थाने नागरिकांनी नागरिकांना दिलेले वृत्तच होते. ते पुढे पाठविणाऱ्यांतील बहुतेक जण दुष्ट नव्हते. उलट, आपण शेजाऱ्याला सावध करीत आहोत अशीच त्यांची समजूत असणार. पण ‘मी पाहिले’ आणि ‘मी ऐकले’ यांतील भेद त्यांच्यापैकी कोणी केला नाही, कारण तो करण्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते. मूळ संदेश कोणाचा, प्रसंग कोठला, केव्हाचा, याची विचारणा झाली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास प्रतिबंध केला. हा उपाय केवळ वेगावरचा होता. खऱ्याखोट्याची निवड करण्याचे काम जेथे होते तेथेच राहिले.

व्यावसायिक वृत्तपत्रांनी यावरून स्वतःची पाठ थोपटून घ्यावी, अशीही स्थिती नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत याच राज्यात पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापली गेल्याचे प्रकरण उघडकीस आले. पी. साईनाथ यांनी त्याचा पाठपुरावा केला. प्रेस परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने नावानिशी सविस्तर अहवाल तयार केला, पण परिषदेने आरंभी तो संपूर्ण प्रकाशित केला नाही; २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो लोकांसमोर आला. राईनपाड्यात अफवा पसरविणारे निदान स्वतः फसलेले होते. विकत घेतलेली बातमी छापणारे फसलेले नव्हते. त्यांनी वाचकाला फसविले होते.

बातमीचा उत्पादनखर्च

तेव्हा प्रशिक्षित विरुद्ध अप्रशिक्षित हा वाद मूळ दुखण्यापर्यंत पोहोचत नाही. प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. बातमीच्या उत्पादनाचे दोन घटक असतात : पाहणे आणि पडताळणे. मोबाइलमुळे पहिल्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. दुसऱ्याचा खर्च होता तेवढाच राहिला. तहसील कार्यालयात जाऊन साहेबांची वाट पाहणे, तलाठ्याकडील नोंद पाहणे, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू ऐकून घेणे, आणि एवढे करून बातमी खोटी निघाली तर ती टाकून देणे, यांत पूर्वीइतकाच वेळ आणि पैसा जातो. एका घटकाचे मोल शून्य झाले आणि दुसरा महागच राहिला, तर बाजारात कोणता माल अधिक येईल हे सांगायला पंडित नको.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण केले; पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रतिपादन साधे होते. चांगली गाडी आणि खराब गाडी यांतील फरक गिऱ्हाइकाला आधी कळत नसेल, तर तो दोन्हींसाठी मधलाच भाव देऊ पाहतो. त्या भावात चांगली गाडी विकणाऱ्याला परवडत नाही. तो बाजारातून उठतो, आणि मागे खराब माल उरतो. बातमीच्या बाजारात हेच घडत आहे. पडताळलेली बातमी आणि उडत आलेली बातमी एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत येते, आणि दोन्ही फुकट. मग पडताळणाऱ्याने आपला खर्च भरून काढायचा कोठून?

तालुक्याच्या गावी या प्रश्नाचे जे उत्तर प्रचलित आहे ते फारसे भूषणावह नाही. मोठ्या दैनिकांचा तालुका वार्ताहर हा बहुधा शिक्षक, दुकानदार किंवा त्या पत्राचा विक्रेताच असतो. त्याला मिळणारे मानधन नाममात्र असते. कित्येकदा तेही नसते. त्याची कमाई होते ती जाहिरातीच्या दलालीवर. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात त्याने मिळवायची, त्याच पुढाऱ्याच्या अमलाखालील नळयोजना का रखडली हेही त्यानेच लिहायचे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे तालुक्याच्या पातळीवर तथाकथित व्यावसायिक वृत्तपत्रसृष्टीसुद्धा अप्रशिक्षित आणि जवळजवळ बिनपगारी नागरिकांच्याच खांद्यावर उभी आहे. राजधानीतील पत्रकार ज्याला ‘हौशी’ म्हणून नाके मुरडतो, त्याच्याच भाऊबंदाने पाठविलेला मजकूर त्याच्या पत्राच्या जिल्हा पानावर छापलेला असतो.

कायद्याचे संरक्षणही या माणसापर्यंत धडपणे पोहोचत नाही. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली झालेल्या कायद्याने ज्याचा ‘मुख्य व्यवसाय’ पत्रकारिता आहे आणि जो त्या नात्याने नोकरीत आहे, त्यालाच पत्रकार मानले. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली संमत केलेल्या कायद्यातही व्याख्येचा रोख तोच आहे. ज्याचे पोट शाळेवर किंवा दुकानावर चालते तो वार्ताहर या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर उभा राहतो. मोबाइलवर चित्रण करणाऱ्या नागरिकाची तर बातच नको. धोका मात्र व्याख्या पाहून येत नाही. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वाहनाखाली चिरडले गेले व दुसऱ्या दिवशी मरण पावले. स्थानिक प्रश्नावरील त्यांची बातमी त्याच सकाळी प्रसिद्ध झाली होती. गावात राहून गावाविषयी लिहिणाऱ्याला, लिहून झाल्यावर परतायला दुसरे शहर नसते.

संत्र्याच्या बागेतील बातमी

हे सारे पत्रकारांपुरते आहे असे मानणे चुकीचे ठरेल. काटोल–नरखेड भागातील संत्रा उत्पादक आंबिया किंवा मृग बहाराची फळे पुष्कळदा झाडावरच ठोक भावात व्यापाऱ्याला देतो. सौदा त्या घटकेला हाती असलेल्या माहितीवर ठरतो. बांगलादेशाने गेल्या काही वर्षांत संत्र्यावरील आयात शुल्क वाढवीत नेले आणि त्याची झळ विदर्भातील बागांपर्यंत पोहोचली. शुल्क किती वाढले, केव्हापासून वाढले, हे व्यापाऱ्याला आधी कळते. शेतकऱ्याला कळते ते ‘सीमा बंद झाली’, ‘भाव बसला’ अशा तुटक संदेशांतून. त्यातले खरे किती हे ठरविण्याआधीच बागेत उभा असलेला व्यापारी सौदा मागतो. चुकीच्या बातमीपायी येथे दंगल होत नाही, रक्त सांडत नाही. वर्षाची कमाई मात्र मातीमोल होते.

उलट दिशेने पाहिले तर याच बागांतील फळगळ, डिंक्या, कोळशी यांची पहिली खूण शेतकऱ्यालाच दिसते. फळगळीचे चित्र तो त्याच दिवशी पाठवू शकतो. कोणत्याही जिल्हा प्रतिनिधीला ते इतक्या लवकर साधणार नाही. पण ही गळ एका बागेपुरती की तालुकाभर, तिचे कारण रोग की पाण्याचा ताण, पंचनामे झाले की नाहीत, हे एका चित्रातून कळत नाही. त्यासाठी दहा बागा फिराव्या लागतात आणि काटोलच्या फळ संशोधन केंद्रातील जाणकारास विचारावे लागते. पाहणाऱ्याचे काम जेथे संपते तेथे पडताळणाऱ्याचे सुरू होते.

ही दोन कामे एकाच हाती येऊ शकत नाहीत असे नाही. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ साली सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ने ते दाखवून दिले. ग्रामीण, बव्हंशी दलित स्त्रिया तेथे बातमीदार झाल्या. त्यांच्याजवळ पदव्या नव्हत्या. त्यांना काम करता करता शिकविण्यात आले : कोणाला विचारायचे, नोंद कशी ठेवायची, दुसरी बाजू कशी घ्यायची. आरंभीचे ते छोटे पत्र पुढे चित्रफितींच्या माध्यमातही गेले. अप्रशिक्षित ही काही जन्मजात अवस्था नव्हे. योग्य शिक्षण मिळाले की ती संपते.

खर्च कोणी सोसायचा?

पहिली जबाबदारी दैनिकांची आहे. तालुका वार्ताहराला पडताळणीच्या श्रमाचे मोल मिळाले पाहिजे, आणि जाहिरात आणण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले पाहिजे. हे परवडणार नाही असे व्यवस्थापक म्हणतील. परंतु ज्या एका गोष्टीत वृत्तपत्र मोबाइलहून सरस ठरू शकते ती विश्वासार्हता हीच आहे, आणि तिच्यावर खर्च न करणे म्हणजे बियाणे विकून खत घेण्यासारखे आहे. चुकीची दुरुस्ती मूळ बातमी जेथे छापली तेथेच छापावी, एवढे पथ्य जरी पाळले तरी पुष्कळ साधेल.

दुसरी जबाबदारी तालुक्याच्या महाविद्यालयांची. ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प कसा वाचावा, सातबारा कसा पाहावा, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करावा, हे पदवीच्या विद्यार्थ्याला काही आठवड्यांत शिकविता येते. त्याला पत्रकार करण्यासाठी हे शिकवायचे असे नाही. पुढे तो शिक्षक झाला, कारकून झाला किंवा बागायतदार झाला तरी नागरिक राहणारच आहे. सामान्य माणसाने तीन गोष्टी जरी सांभाळल्या, स्वतः पाहिलेले व ऐकलेले वेगळे सांगितले, स्थळ-वेळ दिली, आणि खाली आपले नाव घातले, तरी त्याच्या सांगण्याला साक्षीचे मोल येईल. नाव देणे जेथे जिवावर बेतणारे असेल तेथे ते राखून ठेवणारा जबाबदार संपादक हवा. लोकहितवादींच्या वेळी तो होता.

या मार्गावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. पडताळणीस वेळ लागतो, आणि पडताळणीच्या नावाखाली गैरसोयीच्या बातम्या दाबल्याही जातात. अपघात किंवा खून घडल्याखेरीज तालुक्याकडे न पाहणाऱ्या वृत्तपत्रांनी ‘आधी आम्हाला विचारा’ असे नागरिकाला सांगू नये. नागरिकाने थांबावे असा याचा अर्थ नाहीच. त्याने बोलावे, पण जे कळले नाही ते कळले नाही असेही त्यात सांगावे.

तिसरी जबाबदारी वाचकाची, आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. चहाच्या दुकानात दुसऱ्याचा अंक चाळणारा आणि घरी मोबाइलवर फुकट वाचणारा शिक्षक-कारकुनांचा वर्ग वृत्तपत्रे विकली गेली म्हणून हळहळतो. पडताळणीचा खर्च वाचकाने दिला नाही तर तो जाहिरातदार देतो, पुढारी देतो किंवा बागेत सौद्याला आलेला व्यापारी देतो. जो खर्च देतो त्याच्या सोयीनेच मग बातमी पडताळली जाते, किंवा पडताळली जात नाही. लेगलच्या शेतकऱ्यांना खरे ठरविणाऱ्या बिओचा प्रवासखर्चही कोणीतरी भरला होता.